आई कोण होणार?

विनेबा, १७ मे

प्रिय अजोआ,

तुझं अक्रातलं दुकान बरं चाललं असेल. इकडे बाबांचा गुडघा सोडला तर सगळं ठीक. हरणाच्या शिकारीच्या सणाला गावची बाहेर गेलेली माणसं झाडून आली. तू पाठवलेला निळा फ्रॉक अराबाला अंगाबरोबर बसला. सणात तिने तो घातला नाही, हे खरं तर लिहिणार नव्हते.

बालवाडीत तिच्यापुढे मी हात टेकलेत. मधल्या सुट्टीत कडुनिंबाखाली मुलं घर-घर खेळतात, दुधाच्या रिकाम्या डब्यांत वाळूचा भात शिजतो. मान्सा आई झाली, की अराबा उठते आणि डबे लाथाडते. मान्सा रडते, अराबा रडत नाही. इतकी वर्षं नव्या बाईंना मीच शिकवत आले: आधी शांत करा, मग दोघींचं ऐका, माफी लादू नका. सगळं करून पाहिलं. शेवटी चिडून मी माफी लादलीच. तिने ती लगेच मागितली आणि डबे पुन्हा उडवले.

मान्साची तक्रार अशी: "ही म्हणते, आया परत येत नसतात. पण मी आलेय ना, बाजारातून मासे घेऊन."

मी अराबाला जवळ घेऊन समजावलं, आपल्यात आईची बहीणही आईच. घरात मी मोठी आई असताना तुला काय कमी? ती उठून खेळायला गेली. मला वाटलं, पटलं. आपल्या सगळ्यांना असंच वाटत आलंय, नाही का?

काल म्हटलं, बरं, आज तूच आई हो. तर ती कुंपणाच्या भिंतीपाशी गेली आणि आमच्याकडे पाठ करून बसली. भात शिजला, वाढून झाला, बाळं निजली, तरी ही वळून बघेना. माझा पारा चढला.

"अगं, आई झालीस ना? मग खेळ की."

"खेळतेय," ती म्हणाली. "मी अक्रात आहे."

अजोआ, अक्राहून गाडी दोन तासांत येते. दुकानात गर्दी असते, हे तुझं कारण मीच तिला पढवत राहिले. तुझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या, एबोच्या घरी तू अजून सांगितलेलं नाहीस ना, तुला मुलगी आहे ते? हे विचारायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसले होते. विचारायचा मला हक्क आहे का, तेही कळत नाही. कदाचित मी तिला पुरत नाही, याचाच हा राग असेल. तसं असलं तरी प्रश्न आहेच.

आता फ्रॉक पाठवू नकोस. तू ये. आणि यायचं नसेल, तर तेही इथे येऊन, तिच्यासमोर बसून सांग. मी सांगणार नाही.

तुझी थोरली बहीण,
आणि अराबाची मोठी आई, फक्त मोठी,
एफुआ