मदर इनासिया अजून आहेत

३ फेब्रुवारी १८८७

सकाळच्या प्रार्थनेत मदर इनासिया गेल्या. या मठातल्या शेवटच्या नन! सरकारचा कायदा सरळ आहे — नवी नन करायची नाही, आणि शेवटची गेली की मठ सरकारजमा. अठराव्या वर्षी नन व्हायला आलेली मी त्या मेल्या कायद्यापायीच त्रेचाळीस वर्षं स्वयंपाकीण राहिले.

आता उरलो आम्ही चार म्हाताऱ्या मोलकरणी. धुणी धुणारी लिओकादिया म्हणाली, "उद्या हाकलतील. कुठं जायचं गं, जुश्तिना?"

मृत्यूची घंटा वाजवली नाही.

४ फेब्रुवारी

पहाटे मदरना आवारात संत्र्याच्या झाडाखाली पुरलं. आम्हीच. पाद्रीशिवाय! फार मोठं पाप. माती कडक, लिओकादियानं कुदळीला शिवी हासडली आणि लगेच मदरची माफी मागितली.

९ फेब्रुवारी

सरकारी कारकून तावैरा आला. दर महिन्याला येतो, भेटीच्या जाळीशी उभा राहून विचारतो, "मदर, आहात ना?" जाळीआड काळा पडदा. पन्नास वर्षांत कुणा पुरुषानं मदरचं तोंड पाहिलेलं नाही, नुसता आवाज ऐकलाय.

पडद्यामागून मी मदरसारखी खोकले. "आहे हो! तुमची घाई बघून आयुष्य वाढतंय माझं."

तो हसला. जाताना भिंती मोजत गेला — "खाली तारघर, वर शिपायांच्या खोल्या."

१५ फेब्रुवारी

लिस्बनच्या सरकारला संशय आलाय. एकोणनव्वद वर्षांची बाई इतकी ठणठणीत कशी? शनिवारी डॉक्टर आत येणार, बिशपच्या परवानगीनं. मी एकसष्टची! झोप उडालीय.

१९ फेब्रुवारी

मदरच्या कपड्यांत, मदरच्या खाटेवर, तोंडाला पीठ फासून पडले. डॉक्टरनं नाडी धरली. पाकानं पोळलेले माझे हात — लपवायचे विसरलेच! त्यानं ते पाहिले, आणि पांघरुणात सारले.

डॉक्टरबरोबर आलेला तावैरा मात्र खिडकीतून बाहेर बघत होता. "संत्र्याखालची माती ताजी दिसते. कोण गेलं?"



लिओकादिया म्हणाली, "आमची स्वयंपाकीण. जुश्तिना."

"अरेरे! मग पाद्रीला नाही का कळवायचं?" म्हणाला, आणि लिहून घेतलं.

२१ फेब्रुवारी

आज घंटा वाजली. माझ्यासाठी. पाद्रीनं संत्र्याखाली माझं नाव घेऊन प्रार्थना केली. मदरना निदान तेवढी तरी मिळाली. खिडकीच्या जाळीआडून ऐकलं. पाववाला ढसाढसा रडला — मेला जन्मभर माझ्याशी भांडत होता!

२२ फेब्रुवारी

मठात बाहेरचं कुणी नाही. लिओकादियानं जिन्याखालून हाक मारली — "मदर!"

मी ओ दिली.