उमरेडची उतरती रेघ

१२ जानेवारी १९८९

जमलं! न्यूरल नेटवर्क आज शेवटी शिकलं. मागच्या वर्षांचे बालमृत्यूचे आकडे भरायचे, पुढच्या वर्षांचे संगणकानं आपले आपण काढायचे — आणि आम्ही पडद्याकडे बघत बसायचं. उमरेडच्या विणकर मोहल्ल्याची आलेखातली रेघ तर सरळ खाली. माझं माहेर! आमचे प्रमुख आनंदराव सर म्हणाले, "हे वर आरोग्य खात्याला पाठवू." घरी येताना जिलबी घेतली.

२० फेब्रुवारी

वरून उत्तर आलं. मोहल्ल्यातली नर्स दुसरीकडे हलवली. कारण — माझी रेघ: लेकरं दगावत नाहीत, तर तिथं नर्स कशाला? सर खूश.

५ मार्च

उमरेडला गेले. धाकटा भाऊ चंपतच्या बायकोला, रुख्मिणीला, आठवा महिना लागलाय. माय मागावरून न उठताच म्हणाली, "नर्सबाई काहून हलवली वं? तू घरातली थोरली, शिकलेली. साहेबायले सांगून पाह्य." कोणामुळे हलवली ते तोंडातून निघालं नाही.

२ एप्रिल

रुख्मिणीचं बाळंतपण घरीच झालं. मुलगा. दुसऱ्या दिवशी गेला. मी पोचले तोवर सगळं आवरलेलं. मायनं बाजूला घेतलं — "कोणाले सांगू नको. बारसं झालं नाही, तं ते लेकरू मोजाचं नसते."

३ एप्रिल

आकडे गोळा करणारे दारात येऊन विचारतात, लेकरं किती झाली, किती गेली. घरोघरी मायसारखंच उत्तर मिळालं असणार! लसींमुळे मोठी मुलं वाचली, तेवढं खरं. बारशाआधी गेलेली कोणी सांगितलीच नाहीत, म्हणून रेघ सरळ खाली. मशीनला काय बोल लावू? ती उमरेडची नाही, मी आहे. मला हे सुचायला हवं होतं. रुख्मिणीसमोर उभं राहवत नाही.

१० एप्रिल

सरांना सगळं सांगितलं. त्यांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाले, "नुसत्या सांगण्यानं नर्स परत येणार नाही. पुन्हा घरोघर जाऊन विचारा."

१६ एप्रिल

सुरुवात आमच्याच घरापासून केली. मायला विचारलं, बारशाआधी गेलेली धरून तुला लेकरं किती झाली?

"दोन. तू अन् चंपत." मग तिनं रुख्मिणीकडे पाहिलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मायनं माग थांबवला. "चार. पह्यल्या दोघी नाही राहिल्या."

मी थोरली नाही. तिसरी आहे.