डायनासोरांचा सामना बघायला कोणी आलं नाही

ताई,

तू गाढ झोपली आहेस, उठवत नाही. शाळेच्या मैदानावर पोरांच्या सरावाला मला सकाळी सातला पोहोचायचंय. जेवण झाकून ठेवलंय. गोळी विसरू नकोस.

काल फोनवर मी खोटं बोललो. "हॉल भरलाय, पोरांचा नुसता दंगा चाललाय," म्हणालो ना? आपल्या 'डायनासोरांचा सामना' पुस्तकाच्या वाचनाला एकही मूल आलं नाही. सतरंजीवर तीस उशा मांडल्या होत्या. ग्रंथपालबाई सारख्या दाराशी जाऊन बघत होत्या, मला त्यांचीच दया येत होती. तू वॉर्डात ड्यूटीवर दमलेली, तुला काय सांगणार? आणि तुझ्याशिवाय सांगायला मला आहे तरी कोण?

शेवटी बाई म्हणाल्या, "सर, मलाच वाचून दाखवा." मग मी उभं राहून अख्खं पुस्तक वाचलं, सगळ्यांचे आवाज काढून.

हात आखूड, शेपूट लांब,
गोलकीपर म्हणे, चेंडू थांब!

रिकाम्या हॉलमध्ये माझाच आवाज घुमत होता. बाई हसल्या नाहीत. पण तू काढलेला तो बाकावरचा छोटा डायनासोर, ज्याला कोणी संघात घेत नाही, त्या पानावर म्हणाल्या, "जरा उलटू नका." बराच वेळ बघत बसल्या. "हे ज्यांनी काढलंय त्यांना एकदा घेऊन या," एवढंच बोलल्या.

शनिवारी माझ्याबरोबर ग्रंथालयात येशील? नाही म्हणालीस तरी चालेल. पण आज मी घरी येईपर्यंत ड्यूटीला निघू नकोस. आठवडा झाला, आपण एकमेकांना जागं पाहिलेलं नाही.

— तुझा भाऊ