कॅमेरा आत्याकडे आहे

वावाऊ बेट, मंगळवार, जेवणं आटोपल्यावर

प्रिय पेनीदादा,

तुला आणि वहिनींना आम्हां सगळ्यांचा नमस्कार. देवानं आपल्याला आजवर जिवंत ठेवलं त्याबद्दल त्याचे आभार मानून पत्र लिहायला घेतो. ऑकलंडची थंडी तुझ्या गुडघ्याला फार छळत नसावी अशी आशा आहे. इकडे सर्व ठीक. बाबांची तब्येत बरी आहे, जेवण जातं, झोपही लागते. लेसिएली आत्या ठणठणीत आहे (त्या ठणठणीतपणाचा मला होणारा त्रास पुढे सविस्तर लिहिला आहे). पाद्रीबाबा उद्याच्या विमानानं तिकडे निघालेत, त्यांच्या हाती हे पत्र देतोय. फोनवर सगळं बोलता येत नाही, कारण आपल्या घरात रेंज फक्त बाबांच्या उशाशी येते.

तू बोटीनं पाठवलेलं पिंप पोचलं. बीफचे डबे, साबण, बिस्किटं सगळं धड आलं. त्याखाली काळ्या कापडाचा अख्खा तागा निघाला आणि त्यात तान्ह्या बाळासारखा गुंडाळलेला कॅमेरा. मी पिंप बाबांच्या खाटेजवळच उघडून बसलो होतो. त्यांनी कापड दोन बोटांत धरून पाहिलं आणि म्हणाले, "चांगलंय. माझ्या मयताला माणसं नीटनेटकी दिसतील." मी म्हटलं, तसं काही नाही, पडद्यांसाठी असेल. ते म्हणाले, "काळे पडदे?"

आता कॅमेऱ्याविषयी. पहिलं मत असं की तो जड आहे. गळ्यात घातला की माणूस आपोआप मान खाली घालतो, त्यामुळे घरातले मला फारच विनयशील समजू लागले. वरच्या चाकावर लहान लहान चित्रं आहेत : डोंगर, फूल, पळणारा माणूस. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं चित्र मात्र बनवणाऱ्याला सुचलेलं नाही. मी डोंगरावर ठेवून सुरुवात केली. दारात आपली ठिपक्यांची डुकरीण येऊन उभी राहिली होती आणि कॅमेऱ्यानं स्वतःच्या अकलेनं तिलाच पसंत केलं. तिची पापणी न् पापणी दिसते, मागे बाबा नुसते धुक्यात. मग कशाला तरी बोट लागलं आणि वरून दिवा टुणकन उठून लखकन पेटला. बाबांनी डोळे मिटून घेतले नि शांतपणे विचारलं, "आलं का बोलावणं?"

चौकटीत घालायला तुला हवा तसा फोटो, म्हणजे कोट, कमरेला मानाची चटई गुंडाळलेली, मान ताठ, असा काढणं सोपं नव्हतं. सेइनीनं (सून म्हणून ती बिचारी सगळं करते) त्यांना उशांच्या आधारानं बसवलं. पण मान एका बाजूला कलायची, आणि आपण मुलांनी वडिलांच्या डोक्याला हात लावायचा नाही. तेव्हा मी दारातून 'थोडं डावीकडे, नाही, तुमच्या डावीकडे' असं ओरडत राहिलो आणि बाबा छताकडे बघत राहिले. शेवटी एक फोटो जमला. दादा, तो जमायला नको होता. माझ्या जुन्या फोनमध्ये सगळी माणसं सारखीच काळपट यायची, त्यात एक माया होती. ह्यात गालांची हाडं दिसतात, ओठांच्या भेगा दिसतात, कोटाच्या आत माणूस किती थोडा उरलाय ते दिसतं. मी रोज त्यांना पाहतो, आणि मी काहीच पाहिलं नव्हतं. परसात जाऊन रडलो.

तिथं आत्यानं मला धरलं. तुला ठाऊक आहे, भावाच्या निजायच्या खोलीत बहिणीनं पाऊल टाकायचं नाही ही रीत हल्ली बाकीचे सोयीनं पाळतात, पण ही दोघं कर्मठ. आत्याचं घर अंगणापलीकडे, आणि बाबा अंथरुणाला लागल्यापासून तिनं त्यांना पाहिलेलं नाही. (बाबा गेल्यावर त्यांच्या उशाशी बसायचा मान सगळ्या गोतावळ्यात तिचाच. जिवंतपणी मात्र उंबऱ्यापर्यंतही नाही. ह्यावर मी काही बोललो की ती मला लहान समजते.) तिनं कॅमेरा ओढून घेतला, मागचा लहानसा पडदा डोळ्यांशी धरला. मग कुठलं तरी बटण दाबलं, तसं बाबांचं तोंड पडदाभर मोठं झालं. हे बटण मला सापडलं नव्हतं.

"ओठ बघ कसे फुटलेत. शहाळ्याचं पाणी कोण देतं त्याला?"

"देतो की, आत्या."

"कधी, नाताळात? आणि उशी इतकी खाली कुणी ठेवली? तुझ्या बायकोला सांग, तो माणूस आहे, रताळं नाही."

त्या दिवसापासून माझी नोकरी ठरली. सकाळी बाबांचा फोटो, मग जेवणाच्या ताटाचा, मग पायाच्या सुजेचा, एकदा जिभेचा. प्रत्येक घेऊन अंगण ओलांडायचं, शिव्या खायच्या, परत यायचं. चार दिवस असे गेल्यावर बाबा म्हणाले, "तिचाही काढून आण." आत्या चुलीपाशी तारोचे कंद सोलत होती, तसाच काढला. बाबांनी पडदा जवळ धरला. लहानपणानंतर त्यांनी तिच्या तोंडाकडे असं थेट कधी पाहिलं नसावं. मी बाहेर जायला हवं होतं, पण गेलो नाही. "म्हातारी झाली," ते म्हणाले. मग म्हणाले, "तिला सांग, धुरात बसू नकोस." मी सांगितलं. आत्या म्हणाली, "त्याला सांग, स्वतःचं बघ." आणि पाट उचलून धुराबाहेर जाऊन बसली.

एकंदरीत कॅमेरा चांगला आहे. तुझे आभार मानतो.

तुझा,
फेलेती

ता. क. कोटातला तो एकुलता एक जमलेला फोटो आता नाही. आत्यानं पुसला. "ह्यात तो मेल्यासारखा दिसतो," म्हणाली. कसा पुसायचा तेही मला ठाऊक नव्हतं.

ता. क. पाकीट चिकटवणार एवढ्यात जे घडलं ते लिहितो. आधी हे, की पहिल्या परिच्छेदातली तब्येतीची ओळ आत्यानं सांगून लिहवली आहे (परदेशात कष्ट करणाऱ्याला घोर लावायचा नाही म्हणून). जेवण जात नाही. आणि रविवारपासून बाबांना दिसत नाही. कॅमेऱ्याचा पडदा नाकाशी धरला तरी म्हणतात, दिवा लावा. आज हे आत्याला सांगावंच लागलं. तिनं पेटीतली चांगली चटई काढून कमरेला बांधली, कॅमेरा उचलला, अंगण ओलांडलं आणि सरळ खोलीत शिरली. सेइनीच्या हातातली वाटी पडली.

"कोण?" बाबांनी विचारलं.

"मी. कॅमेरा परत द्यायला आलेय."

बाबा म्हणाले, "ठेव तिथं. आणि बस."

ती त्यांच्या उशाशी बसली आहे, मयताला बसली असती अगदी त्याच जागी. कॅमेरा अजून तिच्या मांडीवर आहे. कुणी फोटो काढलेला नाही.

ता. क. तू फोनवर म्हणालास, रजा एकदाच मिळते म्हणून मयतासाठी राखून ठेवली आहे. दादा, आत्यानं तिची जागा आधीच घेतली. तूही रजा आत्ताच घे. फोटोची चौकट आणू नकोस, तिच्यात घालायला काही नाही. बाबा आता पावलांवरून माणूस ओळखायला बघतात. पायरीवर कुणी चढलं की विचारतात, "पेनी का?" मी दर वेळी सांगतो, नाही बाबा, फेलेती.