मडगार्डवरची जागा

तीर्थरूप दादास, तुझ्या धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (कमरेमुळे निम्माच घातला आहे, उरलेला मनोभावे समजून घ्यावा).

तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालतो. बरी नसती तर तुझ्या लेकीनं कळवलं असतं, आणि ती माझ्याशी बोलते हे तुला माहीत नाही असंही आम्ही दोघं धरून चालतो. माझं म्हणशील तर गुडघे गेले, दात गेले, भूक आहे पण ती कुणाला सांगावी हा प्रश्न आहे.

पत्राचं कारण ट्रॅक्टर. एवढं वाचून पत्र फाडू नकोस, पुढे त्याची निंदाच आहे. सव्वीस वर्षांपूर्वी तू लेकीकडे पंधरा दिवस गेलास आणि मी तुझ्या हातची बैलजोडी विकून ते धूड दारात आणलं. तू परत आलास, रिकाम्या गोठ्यात डोकावलास आणि म्हणालास, "हे दारात आहे तोवर मी हा उंबरा ओलांडणार नाही." हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नाहीस. (बस पुढच्या गावाहून वळून यायला वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ तू थांब्यावर उभा होतास आणि मी खिडकीतून बघत होतो. मी यायला हवं होतं. त्याआधी तुला विचारायला हवं होतं.)

तर निंदा. तुला आठवत असेल, बाजारातून येताना मी बैलगाडीत खुशाल झोपायचो. डावा वळणाला आपणहून हळू व्हायचा, उजवा ओढ्यावर पाणी प्यायला थांबायचा, आणि मला जाग यायची ती थेट दारात. जन्माची खोड ती. ट्रॅक्टर आणल्याच्या चौथ्या दिवशी भर दुपारी बियाण्याची पोती घेऊन येत होतो, सवयीनं डोळा लागला. रस्ता वळला, ट्रॅक्टर वळला नाही. शिंप्याच्या ओसरीत शिरून, शिलाई मशीन पुढे ढकलत तो भिंतीला भिडला तेव्हा मी जागा झालो आणि जिवाच्या आकांतानं कासरा ओढला. हातात कासरा नाही हे कळायला शिंप्याची भिंत पडावी लागली. शिंपी भला माणूस. गळ्यात टेप तसाच घेऊन बाहेर आला, सगळीकडे बघितलं आणि विचारलं, "बैल कुठे आहेत?"

मग हिनं फर्मान काढलं की ट्रॅक्टर एकट्यानं हाकायचा नाही. स्वतः मडगार्डवर बसायची आणि मी झोपू नये म्हणून बोलत राहायची. इंजिनाच्या वर आवाज काढायचा म्हणजे ओरडणं आलं, त्यामुळे आपल्या घरातलं काही गावापासून लपून राहिलं नाही. जाताना माझ्या चुका, येताना तुझ्या (तुझ्या कमी होत्या, त्या संपायच्या आत घर यावं म्हणून येताना मी जोरात हाकायचो). मात्र जाऊन भावाला घेऊन या, हे दोन्ही वेळा असायचं. मी इंजिनामुळे ऐकू येत नाही असं दाखवायचो. ट्रॅक्टरचा मला झालेला फायदा तेवढाच.

ती गेली त्या दिवशी तू स्मशानात आलास, माझ्या पाठीवर हात ठेवलास आणि तिथूनच परस्पर बस धरलीस. शब्दाचा पक्का माणूस तू. राग नाही आला दादा, वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

लेकीला आशीर्वाद सांग (चोरून बोलते हे न दाखवता).

तुझा,
बैल विकणारा धाकटा

ता. क. मुख्य काम राहिलंच. ही गेल्यापासून रस्त्यात पुन्हा डोळा लागतो. परवा नाल्यात उतरलो. मडगार्डवर बसून बोलणारं कुणीतरी हवं. तुला उंबरा ओलांडावा लागणार नाही, मी ट्रॅक्टर घेऊन थांब्यावर येतो. वर बस आणि मला शिव्या घाल. सव्वीस वर्षांच्या साठल्या असतील.

आणखी एक ता. क. वरचं खोटं आहे. झोप मला हल्ली अंथरुणातही येत नाही. ट्रॅक्टर मागच्याच महिन्यात भंगारवाल्याला दिला (याही वेळी तुला न विचारता). दारात आता तेलाचा काळा डाग तेवढा उरला आहे, तो काही फार मोठा नाही. कुठल्या बसनं येतोस ते कळव. या वेळी मी खिडकीत नसेन, थांब्यावर असेन.