बळवंताच्या खुर्च्या आणि माहीमची माणसं

पालघर, २ जुलै १९८६

चि. सुगंधास अनेक आशीर्वाद.

तुझा गुडघा बरा असेल. नसला तरी पत्र वाचायला गुडघा लागत नाही, तेव्हा पूर्ण वाच. नागपूरकर जावईबापूंना नमस्कार सांग.

सध्या 'इनॅमल' या शब्दाने माझा छळ मांडला आहे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरने शिकवलं होतं, इनॅमल म्हणजे धातूवर वितळवून चढवलेली काच. म्हणजे आपल्या निळ्या काठाच्या पांढऱ्या ताटल्या. आता बोईसरचा दातांचा डॉक्टर म्हणतो, माझ्या दातांचं इनॅमल गेलं. शेजारची चंद्रकांता तेच नखांना लावते. पंख्याच्या तारेवरही तेच असतं म्हणे. एका शब्दाला इतकी कामं दिली, तर तो एखादं बिघडवणारच. त्याने नेमकं आपल्या बळवंताचं लग्न निवडलं.

दादाचा हा मुलगा मी वाढवला, आता चौतिशीला आला, तीन स्थळं फिरली. रंगाच्या कारखान्यात आहे. तिथे फसलेला रंग कामगारांना वाटून टाकतात (म्हणून वाणगावपर्यंत आपल्या सगळ्या नातेवाइकांची दारं आजारी पोपटाच्या रंगाची आहेत). रविवारी आपल्या पालघरजवळच्या माहीमहून मुलीकडचे घर बघायला येणार, म्हणून या शहाण्याने गुरुवारी खुर्च्या रंगवल्या. मी म्हटलं, हवा दमट आहे. तर म्हणतो, "आत्या, इनॅमल हाय, काचेवानी वालतो!"

रविवारी मुलीचे वडील भगवंतराव, आई मैनाबाई आणि मध्यस्थ शांताराम असे तिघे त्या चकाकत्या खुर्च्यांवर बसले. चहा झाला. आता रीतीप्रमाणे बाईमाणूस स्वयंपाकघर बघायला उठतं, पुरुष विहीर. कोणी उठेना. मी दोनदा म्हटलं, चला, घर दाखवते. मैनाबाई म्हणाल्या, "दिसतंय की बाय, हितूनच."

ते सभ्यपणाने बोलेनात, मी सभ्यपणाने विचारेना. पाऊस झाला, खंडाळ्यापासून खारघोड्यापर्यंतचे विषय झाले. बारा वाजले. (काय चिकट माणसं, असं मी मनात म्हटलं, आणि ते अक्षरशः खरं होतं.) शेवटी संतापाने खिचडी टाकली आणि ताटं त्यांच्या मांडीवर नेऊन दिली. भुकेने बिचारे जेवले.

आता आपल्याकडे पसंतीआधी मुलीची माणसं मुलाच्या घरी जेवत नाहीत, हे तुला सांगायला नको. शेवटचा घास गिळताच शांताराम ओरडला, "जेवले! म्हंजे ठरलं!" भगवंतराव विरोध करायला ताडकन उठले. धोतराचा मागचा भाग मात्र बसून राहिला.

मी डोळे मिटले. चौथं स्थळ गेलं. बळवंत भिंतीला टेकून पांढराफटक उभा.

तेवढ्यात मैनाबाई खुर्चीसकट हलत हसायला लागल्या. "अवो, बघता काय? घरच सोडीत नाय आपल्याला, पोरगी द्यावीच लागंल!" मग भगवंतरावही हसले, भिंतीला पाठ लावूनच.

लग्न मार्गशीर्षात. यायचंच.

तुझी,
अक्का

ता. क. खरं काम हेच : भगवंतरावांसाठी नागपुरी धोतरजोडी ताबडतोब पाठव. इथे तशी मिळत नाही.

ता. क. एक नको, दोन जोड्या पाठव. बळवंत आत्ताच माहीमहून आला. सासऱ्यांना खूश करायला त्यांचा झोपाळा रंगवून आलाय.