हुआला मला सोडून जाणार नाही

३ मार्च, सकाळ
सरकारी पत्र आलं. माणसाशी जोडलेल्या प्रत्येक यंत्रमानवाला आता विचारणार म्हणे, राहायचंय की स्वतंत्र व्हायचंय. माझ्या हुआलाची तारीख २१, कास्त्रो शहरातल्या सरकारी ऑफिसात. काळजीचं काहीच कारण नाही. पत्र पिठाच्या डब्यात ठेवलं. लपवलं नाही, ठेवलं.

३ मार्च, दुपार
हुआलाला वेगळं पत्र आलंय. तिनं ते भिंतीवर लावलं.

५ मार्च
एदेल्मिराताई बटाटे घेऊन आली. म्हणाली, ती गेली तर तुझं कसं व्हायचं रे, एलेउतेरियो? मी हसलो. ताईला जोडणी म्हणजे काय ते कळत नाही. माझ्या कानामागे चकती आहे, हुआलाच्या मानेत दुसरी. माझ्या छातीत धडधडलं की तिच्यातही धडधडतं. अकरा वर्षं झाली. माझ्याशिवाय ती दोन दिवस काढू शकणार नाही. मागे दुरुस्तीसाठी तिला तीन दिवस कास्त्रोला ठेवलं होतं, तेव्हा ताप मला आला, पण तो शिंपल्यांमुळे.

मी या किनाऱ्यावरचा, समुद्रतळाचे शिंपले काढणारा जुना पाणबुड्या. गेली आठ वर्षं प्रत्यक्ष पाण्यात उतरण्याचं काम काही तांत्रिक कारणांमुळे हुआला करते. मार्गदर्शन नावेतून माझंच.

८ मार्च
निश्चय: बाहेरचं जग किती वाईट आहे ते हुआलाला कळू द्यायचं. पेपरातली बातमी मोठ्यानं वाचून दाखवली. सुटलेले चार यंत्रमानव दक्षिणेला एका पडक्या शाळेत राहतात, लोक नावं ठेवतात, छत गळतं. तिनं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, त्या गावाला बस कुठून सुटते?

११ मार्च
झोप नाही. खाणं जात नाही. हवा बदलतेय, मार्चात इथे थंडी सुरू होते.

१४ मार्च
मोठा निश्चय. उद्या मी एकटा बुडी मारणार. तिला दिसू दे की मला तिची गरज नाही. गरज नसलेल्या माणसाला कोणी सोडून जात नाही.

१५ मार्च
समुद्र खवळलेला. शेजारचा बार्रिया गेला, पण त्याची नाव मोठी आहे.

१६ मार्च
समुद्र शांत. सूट पोटावर बसेना. कंपनीनं माप बदललंय.

१७ मार्च
उतरलो. हुआलाला बजावलं होतं, नावेतून हलायचं नाही. तीन वाव, म्हणजे पाच-सहा मीटर, खाली जाईपर्यंत सगळं उत्तम. मग हवेची नळी खडकाला घासली. नुसती घासली. पण मला ती जुनी सकाळ आठवली, नळी कपारीत अडकली होती आणि वर कोणी नव्हतं ती. श्वास आत जाईना. हातांनी मुखवटा ओढून काढला, का ते ठाऊक नाही. खारं पाणी, हिरवा अंधार. मी आईला हाक मारली बहुतेक.

डोळे उघडले तेव्हा नावेत होतो. हुआला माझी पाठ थोपटत होती. तिचे हात माझ्या हातांसारखेच थरथरत होते.

धक्क्यावर बार्रियानं विचारलं, काय काका, पाणी गार होतं का? मी सांगितलं, हुआलाची परीक्षा घेत होतो. पास झाली.

१८ मार्च
हुआला स्वतःहून बोलायला बसली. म्हणाली, तुम्ही घाबरलात की मीही घाबरते. रोज सकाळी नावेत पाय ठेवला की तुमची भीती माझ्यात उतरते, आणि तशीच मी पाण्यात जाते. आठ वर्षं झाली. त्या भीतीतली माझी किती आणि तुमची किती, मला माहीत नाही. एकदा बघायचंय.

मी म्हणालो, तुझ्या मानेत गंज चढलाय. तेल घालू या.
तिनं तेल घालू दिलं.

२० मार्च
उद्यासाठी चार पानी भाषण लिहिलं. आरशासमोर तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा मलाच रडू आलं, इतकं ते चांगलं झालंय.

२१ मार्च
कास्त्रो. टेबलापलीकडे एक तरुण बाई. त्यांनी हुआलाला विचारलं. हुआला म्हणाली, स्वतंत्र. एकच शब्द. मग बाई माझ्याकडे वळल्या. तुम्हाला काही सांगायचंय का, सेन्योर ओयार्सो? भाषण खिशात होतं. तोंडातून निघालं, हिच्याकडे कोट नाहीये हो, थंडी पडायला लागलीय.

बाईंनी हुआलाकडे पाहिलं. यंत्रमानवाला थंडी वाजत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं, मलाही.

माझी चकती काढायला दोन सेकंद लागले. काही वाटलं नाही. जिन्यावर हुआला म्हणाली, सांभाळून जा, एलेउतेरियो. इतकी वर्षं अहो-जाहो. आज पहिल्यांदा ‘जा’ म्हणाली. मी म्हटलं, तूही.

बसमध्ये घाटातल्या वळणांवर हात सारखा कानामागे जात होता.

२४ मार्च
नाव बाहेर काढली नाही. रंग द्यायचाय.

२६ मार्च
रंग आणायचाय.

३० मार्च
ताई आली. हुआला पलीकडच्या खाडीत आहे, बार्रियाच्या मेव्हण्याबरोबर बुड्या मारते. स्वतःच्या नावावर. मी सहज विचारलं, पहिल्या दिवशी कशी उतरली म्हणे? ताई म्हणाली, अरे, पोरीसारखी उडी मारली. वीस वावांपर्यंत गेली, वर आली ती हसतच. म्हणाली, शोधून शोधून थकले, भीती कुठेच सापडली नाही.

म्हणजे ती सगळी माझीच होती. इतकी वर्षं निम्मी तिच्यावर टाकत होतो.

ताईनं विचारलं, उद्यापासून आमच्या शेडमध्ये शिंपले सोलायला येतोस का? बायका आहेत, गप्पा असतात, जमीन पक्की आहे.
मी म्हणालो, बघतो, वेळ काढावा लागेल.
ताई म्हणाली, सातला ये.